गोत्र सांगतो, नाव विचारू नका

लेथवर लाकूड कातण्याची हौस इंग्लंड-अमेरिकेत बहुधा निवृत्तीनंतर लागते. गाडी रस्त्यावर उभी राहायला लागते, गॅरेजात लेथ येतो, आणि मग वाडगे, पेले, पेनं, मेणबत्तीचे स्टँड, मिरपूड दळायच्या हातभर उंच नळ्या यांचं उत्पादन सुरू होतं. पहिला वाडगा घरात कौतुकानं मांडला जातो. दहाव्या वाडग्यानंतर नातेवाईक आपापले वाढदिवस लपवायला लागतात. आपल्याकडे हेच काम कातारी पिढ्यान्‌पिढ्या करत आले. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याच्या दांड्या त्यांच्याच हातच्या. पण त्याला कुणी छंद म्हटलं नाही, कारण त्यावर घर चालायचं. तिकडे या छंदाच्या राष्ट्रीय संघटना आहेत. अमेरिकेतली १९८६ साली स्थापन झाली, ब्रिटनमधली त्याच्या पुढच्या वर्षी. गावोगावी क्लब आहेत, त्यांच्या सभा भरतात, चहा-बिस्किटं होतात, आणि सभेत कधी ना कधी एक ठोकळा या हातातून त्या हातात फिरू लागतो.

ठोकळा कुठल्या झाडाचा, हे कुणालाच माहीत नसतं. म्हणूनच तो फिरतो.

असे ठोकळे अनाथ होतात त्याची कारणं ठरलेली आहेत. परसात पडलेल्या मेपलचं किंवा चेरीचं लाकूड फुकट मिळतं, पण आफ्रिका, ब्राझील, बोर्निओ इथून आलेलं ‘एक्झॉटिक’ लाकूड पैसे मोजून घ्यावं लागतं. वाळताना तडकू नये म्हणून दुकानदार ते मेणात बुडवून विकतो आणि नाव त्या मेणावरच लिहितो. मेण खरवडलं की नाव केरात जातं. काही जण कागदी चिठ्ठी चिकटवतात, ती दोन हिवाळ्यांत गळून पडते. उरलेले काहीच लिहीत नाहीत, कारण एवढ्या किमतीचं लाकूड आपण विसरणं शक्य नाही अशी त्यांची खात्री असते. मग एक दिवस म्हातारबुवा जातात आणि मुलं गॅरेज उघडतात. मुलांच्या लेखी लाकडाच्या जाती दोनच, चांगलं आणि जळाऊ. सगळा साठा क्लबाच्या लिलावात येतो, आणि ज्याला त्यातला सर्वांत गडद, सर्वांत जड ठोकळा मिळतो तो माणूस पुढच्या सभेला तो रुमालात गुंडाळून आणतो.

तपासणी सुरू होते. पहिला सभासद नखानं दाबून बघतो आणि मान हलवतो. दुसरा नाकाशी नेतो. तिसरा तळहातावर झेलून वजनाचा अंदाज घेतो, आणि चौथा, आजूबाजूला कुणी बघत नाही असं समजून, हळूच चाटतो. पाचव्याला यातलं काहीच करावं लागत नाही. त्याला दारातूनच कळलेलं असतं. वनस्पती उद्यानांच्या जागतिक संघटनेनं २०१७ साली पृथ्वीवरच्या वृक्षांची यादी केली तेव्हा ६०,०६५ जाती भरल्या होत्या. सभेचं काम मात्र पंधरा-वीस नावांत भागतं. लाल असेल तर पडौक. काळं असेल तर एबनी. पट्टे असतील तर झेब्रानो. जांभळं असेल तर पर्पलहार्ट. तपकिरी असेल तेव्हाच वाद होतो, आणि जगातलं बहुतेक लाकूड नेमकं तपकिरी असतं.

रंगावर भरवसा ठेवणाऱ्यांची फजिती पर्पलहार्ट सर्वांत छान करतं. ताजं कापलं की ते मळकट तपकिरी दिसतं. उजेडा-हवेत राहिलं की जांभळं होतं, इतकं जांभळं की लोक त्याला रंग लावलाय का विचारतात. आणि बरीच वर्षं उन्हात ठेवलं की पुन्हा तपकिरी. म्हणजे एकाच लाकडाबद्दल तीन सभासदांनी तीन वेगवेगळ्या वेळी तीन मतं दिली तर तिघंही बरोबर असू शकतात, आणि तिघांनाही ते मान्य नसतं. पडौक ताजेपणी शेंदरी-लाल असतं, काही वर्षांत विटकरी तपकिरी होतं. ऑसेज ऑरेंज आज पिवळंधमक असतं आणि पुढे गडद बदामी. घरातल्या कपाटावरचा जुना वाडगा बघून नव्या ठोकळ्याची ओळख पटवायची, तर दोघांत रंगाचं काहीच साम्य उरलेलं नसतं.

वजनाचं शास्त्र त्याहून सोपं वाटतं. क्लबाच्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये पाणी भरायचं आणि तुकडा टाकायचा. बुडाला तर ‘लिग्नम व्हायटी’ अशी घोषणा होते. कॅरिबियन भागातल्या या हिरवट लाकडाची घनता पाण्याहून जास्त आहे, अंगातच मेणचट राळ आहे, म्हणून एके काळी जहाजांच्या पंख्याच्या दांड्याला आधार देणारी बेअरिंगं याच लाकडाची करत. त्यांना वेगळं तेल द्यावं लागत नसे, समुद्राचं पाणी पुरे. सोळाव्या शतकात युरोपनं गुप्तरोगावर याच्या ढलप्यांचा काढा करून प्यायला होता. त्यातून रोगी बरे झाले नाहीत, व्यापारी मात्र झाले. पण बुडणारं लाकूड हे एकटंच नाही. आफ्रिकन ब्लॅकवूड बुडतं, आणि आपल्याकडच्या अंजनाचा गाभाही बुडतो. सिंकच्या तळाशी गेलेला तुकडा एवढंच सांगतो की तो जड आहे, आणि ते तळहातानं आधीच सांगितलेलं असतं.

नाकाचा पुरावा जरा बरा. शिसवाच्या कुळातली लाकडं कापताना गोडसर वास देतात, सागवानाचा वास चामड्यासारखा ओळखीचा. पण वास टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेत एका झाडाचं नावच दुर्गंधावरून पडलं आहे. त्याच्या ओल्या लाकडाला वाईट वास येतो, वाळलं की जातो, आणि मग त्याचंच फर्निचर पिढ्यान्‌पिढ्या अभिमानानं मिरवलं जातं. शिवाय हुंगण्याला किंमत आहे. मध्य अमेरिकेतल्या कोकोबोलोचा भुसा काहींच्या अंगावर पुरळ उठवतो, डोळे सुजवतो, दम लावतो. म्हणजे काही लाकडं आपण त्यांना ओळखण्याआधी आपल्याला ओळखतात. चाटणाऱ्या सभासदाबद्दल न बोललेलं बरं. यू नावाचं सुंदर नारिंगी लाकूड ज्या झाडाचं, ते जवळपास नखशिखांत विषारी आहे.

एक जुनी कसोटी जाळायचीही आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅरी आणि जर्रा अशी दोन निलगिरी झाडं आहेत, दोन्ही लाल, दोन्ही जड, फळ्या शेजारी ठेवल्या तर मालकाला फरक कळत नाही. तिथले सुतार काडीएवढी ढलपी पेटवतात. कॅरीची पांढरी राख होते, जर्राचा काळा कोळसा उरतो. कसोटी खरी आहे, खात्रीची आहे. अडचण एवढीच की लाकूड या दोघांपैकीच एक आहे हे आधी माहीत असावं लागतं. इंग्लंडमधल्या क्लबात ती कुणी केलीच, तर धुराचा भोंगा वाजतो आणि सभा बरखास्त होते.

वखारवाला तरी नाव नक्की सांगेल, असं वाटतं. तो सांगतोच, प्रश्न पुरा व्हायच्या आत. ‘ब्राझीलियन चेरी’ नावानं जे लाकूड विकलं जातं त्याचा चेरीशी काही संबंध नाही; ते जटोबा नावाच्या शेंगवर्गीय झाडाचं आहे आणि वनस्पतिशास्त्रानं बघितलं तर चेरीपेक्षा आपल्या चिंचेच्या जवळचं आहे. ‘टास्मानियन ओक’ ही निलगिरी आहे. ‘फिलिपीन मॅहॉगनी’ मॅहॉगनीच्या कुळातलं नाही. यावरून तर अमेरिकेच्या व्यापार आयोगानं १९२०च्या दशकात व्यापाऱ्यांना धारेवर धरलं होतं. शेवटी तडजोड निघाली ती अशी, की पुढचं ‘फिलिपीन’ गाळायचं नाही, मग मॅहॉगनी म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडच्या वखारींनी आयोगाची वाट पाहिली नाही. मुंबईत रे रोडला किंवा पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये दाराच्या चौकटीसाठी ‘मलेशियन साल’ मागितलं की मिळतं, पण त्या नावाखाली मलेशियातलं कुठलं झाड आलंय हे बिलावर नसतं. त्यातलं बलाऊ तरी खरोखर सालाच्या घराण्यातलं आहे. बाकीची नावापुरती सालाची. सागवानात ‘सीपी’ मागणारे अजून आहेत. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. हा प्रांत १९५० साली नकाशावरून गेला, बल्लारशाहचं सागवान मात्र अजून तिथूनच येतं. आणि कुठल्याच नावात न बसणाऱ्या आयात मालाला ‘हार्डवूड’ म्हणतात. गिऱ्हाईकानं ठोकून बघावं, कडक लागलं की शंका फिटली.

लाकूड ओळखता न येण्याचा विक्रम मात्र कुठल्याही क्लबाच्या किंवा वखारीच्या नावावर नाही. तो युरोपातल्या विद्वानांच्या नावावर आहे, आणि तो ३५० वर्षांचा आहे.

सेव्हिलमधला डॉक्टर निकोलास मोनार्देस यानं १५६५ साली अमेरिकेहून येणाऱ्या औषधांवर पुस्तक लिहिलं. स्वतः तो अमेरिकेला कधी गेला नाही. माल बंदरात यायचा, तिथेच त्याचा अभ्यास. मेक्सिकोहून आलेल्या एका लाकडाबद्दल त्यानं लिहिलं की त्याच्या चकत्या पाण्यात टाकल्या की पाणी निळसर होतं आणि ते मूत्रपिंडाच्या विकारावर चालतं. औषध लोकप्रिय झालं. नाव पडलं ‘लिग्नम नेफ्रिटिकम’, मूत्रपिंडाचं लाकूड. पुढे या लाकडाचे कातलेले पेलेही युरोपात आले. अथानासिउस किर्खर या जेझुइट पंडितानं १६४६ सालच्या ग्रंथात अशा एका पेल्याचं वर्णन केलं आणि पेला सम्राटाला नजर करून टाकला. रॉबर्ट बॉइलनं १६६४ साली प्रयोग मांडले. उजेडाकडे धरून बघितलं तर पाणी सोनेरी, उजेडाकडे पाठ करून बघितलं तर आकाशी. आम्ल घातलं की निळाई जायची, अल्कली घातली की परत यायची. न्यूटननंही या पाण्याची दखल घेतली. पुढे १८५२ साली जॉर्ज स्टोक्सनं ज्याला ‘फ्लुओरेसन्स’ असं नाव दिलं, तो प्रकार दोन-अडीच शतकं युरोपभर या पाण्यात चमकत होता.

सगळं झालं. प्रयोग झाले, ग्रंथ झाले, सम्राटाच्या घरी पेला गेला. झाड कुठलं, एवढंच राहून गेलं.

व्यापाऱ्यांनी दरम्यान भलत्याच लाकडांच्या चकत्या त्याच नावानं विकल्या. पाणी निळं झालं नाही की गिऱ्हाईक आपल्याच पाण्यात दोष काढत बसायचं. हळूहळू औषध बाजारातून गेलं आणि झाडाचा पत्ता पुरताच हरवला. मग तर्क सुरू झाले. काही जुन्या औषधी कोशांनी हे लाकूड चक्क शेवग्याचं ठरवलं. ज्यानं शेवग्याची फांदी एकदा तरी मोडली आहे, त्या माणसाला शेवग्याचा पेला ही कल्पना पचायची नाही, पण कोशकारांनी बहुधा शेंगाच पाहिल्या असाव्यात.

कोडं सोडवलं अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम सॅफर्ड यानं, १९१५ साली. गंमत म्हणजे उत्तर एक नव्हतंच, दोन होती. मेक्सिकोचं मूळ औषध हे तिथल्या एका लहानखुऱ्या झाडाचं, आयझेनहार्टिया पॉलिस्टॅकियाचं, लाकूड. त्याचा बुंधा इतका बारीक की त्यातून मोठा पेला निघणं मुश्किल. मग पेले कशाचे? फिलिपिन्समधल्या नारा वृक्षाचे, म्हणजे टेरोकार्पस इंडिकसचे. ते मनिलाहून स्पॅनिश गलबतांतून मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात यायचे आणि तिथून स्पेनला जायचे. मेक्सिकोहून आले म्हणून मेक्सिकन. पाणी दोघांचंही निळं होतं, म्हणून शंका कुणाला आली नाही. निळाई आणणारा मेक्सिकन लाकडातला पदार्थ तर २००९ साली पक्का सापडला, आणि तो लाकडात मुळी नसतोच. लाकूड पाण्यात पडल्यावर तयार होतो. दोन झाडं, एक नाव आणि लाकडात नसलेला रंग, एवढ्या भांडवलावर साडेतीन शतकांची विद्वत्ता चालली.

हा पेला मराठी घरांना परका नाही. टेरोकार्पस घराण्याचा आपला सभासद म्हणजे बिबला, काही भागांत असाणा. त्याच्या लाकडाचे लेथवर कातलेले पेले ‘विजयसार’ म्हणून आयुर्वेदिक दुकानांत आणि प्रदर्शनांत मिळतात. रात्री पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी मधुमेह्यानं प्यायचं. पाणी तांबूस होतं आणि काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरलं तर कडेला निळी झाक दिसते. मधुमेहाचं काय होतं ते डॉक्टरांनी बघावं. बॉइलचा प्रयोग मात्र शंभर-दोनशे रुपयांत घरबसल्या होतो. लाकूड कातणाऱ्यांच्या खिशात हल्ली अतिनील टॉर्च असतो तो याच करामतीसाठी. संशयित लाकडाचा भुसा पाण्यात हलवायचा आणि टॉर्च मारायचा. निळं चमकलं की सभेत टाळ्या पडतात. नाव अजून मिळालेलं नसतं, पण काहीतरी घडलेलं असतं.

खरं उत्तर ज्या बाजूला लिहिलेलं असतं ती बाजू सहसा कुणी बघत नाही. ठोकळ्याची सपाट, नक्षीदार अंगं सगळे कुरवाळतात. आडवा छेद, म्हणजे झाड जिथे तोडलं ते तोंड, दुर्लक्षित राहतं. नव्या कोऱ्या ब्लेडनं तिथला पातळ काप काढायचा, थोडं ओलं करायचं आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून बघायचं. झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं तिथे भोकांसारखी दिसतात. भोकं मोठी की लहान, एकेकटी की जोडीनं, सगळीकडे सारखी पसरलेली की वर्षाच्या वलयाला धरून रांगेत, भोवती फिकट कडं आहे की पंख फुटलेत, बुंध्याच्या मधून सालीकडे जाणाऱ्या रेषा जाड की बारीक, हे सगळं वाचता येतं. सागवानाच्या छेदात वलयाच्या सुरुवातीला मोठ्या भोकांची ओळ असते; पॉलिश कितीही चढवा, ती ओळ खोटी करता येत नाही. लाकूडशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८९ साली रुंदपर्णी झाडांच्या लाकडासाठी अशा १६३ लक्षणांची यादी केली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक लक्षण तपासत जायचं. क्लबात मात्र पॉलिश पेपरनं घासघासून छेद आरशासारखा केलेला असतो, आणि त्या घासण्यात सगळी भोकं भुशानं बुजलेली असतात. पुरावा हातानं पुसून मग साक्षीदार शोधत फिरणं, हा या छंदाचा अविभाज्य भाग आहे.

एवढं करून शास्त्रज्ञ काय सांगतो? गोत्र सांगतो. नाव सांगत नाही.

हौशी माणसाला हे फार लागतं. चार हजार मैलांवरून आलेला ठोकळा, त्याचं तोंड ब्लेडनं सोललं, नमुना टपालानं पाठवला, आठवडे वाट पाहिली आणि उत्तर काय, तर ‘डालबर्जिया, जात निश्चित सांगता येत नाही’. पण लाकूड बोलतं ते एवढंच. एका प्रजातीतल्या सगळ्या जातींची नळ्या-रेषांची मांडणी इतकी सारखी असते की पानं, फुलं, शेंग नसताना त्यांतली एक वेगळी काढणं बहुतेक वेळा जमत नाही. डालबर्जिया गोत्रात अडीचशेहून अधिक जाती आहेत. वाड्यातला शिसवी पलंग, लग्नाच्या वरातीत बँडवाल्याच्या हातातली क्लॅरिनेट आणि क्लबातला कोकोबोलोचा वाडगा हे तिघं सगोत्र. मध्यस्थानं स्थळाचं गोत्र, देवक, मूळ गाव सगळं सांगावं आणि मुलाचं नाव विचारलं की ‘त्या घरातला कुणीतरी’ म्हणावं, तशी ही माहिती. खरी असते, उपयोगाचीही असते. पत्रिकेवर छापता येत नाही.

असं गोत्र सांगणाऱ्या संस्थांत मॅडिसन, विस्कॉन्सिन इथली अमेरिकी सरकारची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी ही मोठी. ती १९१० साली सुरू झाली. तिच्याकडे लाकडाचे एक लाखाहून जास्त नमुने आहेत, आणि नागरिकांनी पाठवलेले मोजके तुकडे ती फुकट ओळखून देत आली आहे. आपल्याकडे डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ पासूनची; तिच्या संग्रहालयात सातशेहून अधिक वर्षं जगलेल्या देवदाराची चकती आहे आणि लाकूड ओळखून देण्याची सोयही. या लोकांची प्रसिद्धी फारशी होत नाही. एकदाच झाली, आणि ती खुनाच्या खटल्यात.

विमानवीर चार्ल्स लिंडबर्गच्या लहानग्या मुलाला १ मार्च १९३२ च्या रात्री न्यू जर्सीतल्या घरातून पळवलं. मागे राहिली एक घरगुती, तीन भागांची लाकडी शिडी. मॅडिसनच्या प्रयोगशाळेतल्या आर्थर कोलर यानं आपणहून पत्र लिहून मदत देऊ केली. शिडी त्यानं सुटी केली. त्यात चार प्रकारची लाकडं निघाली: दक्षिणेकडचा पाइन, पाँडेरोसा पाइन, डग्लस फर आणि बर्च. सगळी गल्लोगल्ली मिळणारी. त्यामुळे नाव सांगून काम संपण्याऐवजी इथे सुरू झालं. पाइनच्या पट्ट्यांवर रंद्याच्या यंत्राच्या पात्यांच्या बारीक खुणा होत्या. त्यांवरून कोलरनं पात्यांची संख्या आणि लाकूड सरकण्याचा वेग काढला आणि दीड हजारांहून अधिक गिरण्यांना पत्रं धाडली. साउथ कॅरोलिनातली गिरणी सापडली, तिनं माल कुठे पाठवला ते शोधत तो १९३३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका वखारीत पोचला. तिथे कळलं की रोखीच्या विक्रीची नोंद वखार ठेवत नाही. अमेरिका असो की भवानी पेठ, तपास इथेच अडतो.

पुढच्या वर्षी खंडणीच्या नोटांवरून ब्रूनो हाउप्टमान हा सुतार पकडला गेला. त्याच्या माळ्यावरची एक फळी अर्धवट कापलेली होती आणि शिडीची १६ क्रमांकाची पट्टी तिचाच कापलेला भाग आहे, हे कोलरनं वलयं आणि खिळ्यांची भोकं जुळवून दाखवलं. १९३५ च्या खटल्यात आरोपीच्या वकिलानं आक्षेप घेतला, की लाकडाचा तज्ज्ञ असा प्राणी जगात नसतोच. न्यायाधीशांनी आक्षेप फेटाळला. लेथवाल्यांच्या कुठल्याही सभेला वकिलसाहेब एकदा हजर राहिले असते तर त्यांचा आक्षेप उलटा असता: जो तज्ज्ञ नाही असा एक तरी दाखवा.

हल्ली गोत्र हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. २ जानेवारी २०१७ पासून अख्खं डालबर्जिया गोत्र आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रण यादीत गेलं. जातीजातींतला फरक कस्टमच्या अधिकाऱ्याला करता येत नाही, म्हणून सरसकट सगळेच. वादक मंडळींत हलकल्लोळ झाला, कारण क्लॅरिनेटी आणि गिटारी विकायला-दुरुस्तीला सीमेपलीकडे पाठवायच्या तर परवाने आले; २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. नमुन्याच्या ढलपीतली रसायनं मोजून जात सांगणारी यंत्रं अमेरिकेच्या वन्यजीव न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आहेत. मॅडिसननं छेदाचा फोटो घेऊन संगणकाकडून ओळख पटवणारं ‘झायलोट्रॉन’ काढलं आहे. संगणक उत्तराबरोबर आपली खात्री किती टक्के तेही सांगतो. क्लबातल्या ज्येष्ठांना हे यंत्र आवडत नाही ते याच कारणानं.

एक्झॉटिक म्हणजे नक्की काय, हे मात्र कुठलंच यंत्र सांगत नाही. अमेरिकेत ‘स्पॉल्टेड टॅमरिंड’ नावाचे काळ्या रेघांच्या जाळीचे ठोकळे चांगल्या भावानं विकले जातात. तो बुरशी लागलेला चिंचेचा बुंधा. हवाई बेटांत कातलेल्या वाडग्यांची फार जुनी परंपरा आहे, आणि तिथलं मानाचं ‘मिलो’ लाकूड म्हणजे कोकणातल्या खाडीकाठचा परस पिंपळ, अर्थात भेंडी. तिथलंच ‘कमानी’ म्हणजे आपली उंडी, जिच्या बियांचं तेल कोकणानं दिव्यात जाळलं आणि जिचं लाकूड होड्यांना लावलं. ‘मंकीपॉड’ म्हणजे मुंबईच्या रस्त्यांवर सावली धरणारा रेन ट्री. होनोलुलूला जाऊन आलेले रत्नागिरीचे काका दोनशे डॉलरचा वाडगा कपड्यांत गुंडाळून आणतात आणि ज्या टेबलावर तो ठेवतात, त्याच्या खिडकीतून तेच झाड दिसत असतं. सावंतवाडीच्या लाकडी फळांनी हा घोळ मुळातच मिटवला आहे. पांगारा असो की आंबा, कातून रंगवून त्याचं केळं केलं की लाकूड कुठलं हे कुणी विचारत नाही. केळं सगळे ओळखतात.

क्लबातला ठोकळा एवढा वेळ थांबत नाही. मॅडिसनचं उत्तर येईपर्यंत धीर धरणारा लेथवाला अजून जन्माला यायचा आहे. पाचव्या सभासदानं दारातूनच ‘कोकोबोलो’ सांगितलेलं असतं. वाडगा कातून, तेल लावून, बुडाला तापलेल्या सुईनं ते नाव, साल आणि सही डागून होते. मग पत्र येतं: लाकूड डालबर्जिया दिसत नाही, बहुधा मॅकेरियम असावं, दक्षिण अमेरिकेतलं, जात सांगता येत नाही. डागलेलं नाव पुसायचं तर बूड घासावं लागतं, आणि बूड आधीच जास्त पातळ झालेलं असतं. तेव्हा सुई पुन्हा तापते आणि ‘कोकोबोलो’च्या पुढे एक प्रश्नचिन्ह डागलं जातं. वार्षिक प्रदर्शनात तोच वाडगा ‘दुर्मीळ, अनोळखी दक्षिण अमेरिकन लाकूड’ अशा चिठ्ठीसह मांडलेला दिसतो, आणि मागच्या वर्षीच्या ओळखीच्या कोकोबोलोपेक्षा त्याची किंमत जास्त असते.